सातासमुद्रापलीकडचा निकाल

कपाशी फुटली की चांदूर रेल्वेत सगळ्यांचे चेहरे उजळतात. यंदा मला राग आला. सकाळी फिरायला म्हणून रुळांच्या कडेने गेले, तर दोन्ही अंगांना पांढरंच पांढरं. दवाने जड झालेला कापूस बोंडांतून लोंबत होता, बाया कमरेला ओट्या बांधून तासांत, कपाशीच्या दोन ओळींमधे, शिरल्या होत्या, कुणीतरी कुणाच्यातरी नव्या सुनेवरून मोठमोठ्याने चिडवाचिडवी करत होतं, आणि मधल्या तुरीच्या फुलांवर माशा घोंघावत होत्या. एखाद्याने तिथेच उभं राहून चार ओळी जुळवल्या असत्या. मी पाठ फिरवली, घरी आले आणि दूध उतू गेलं म्हणून गॅसवर खेकसले. गॅस काय बोलणार?

राग शिळा झाला की निवतो, असं म्हणतात. कोण म्हणतं कोण जाणे. त्याला एकदा माझ्याकडे पाठवा.

हा गेल्या सालचा राग कुणावर आहे ते आधी सांगते. एका राष्ट्राध्यक्षावर. हसू नका. चांदूर रेल्वेतली एक रिटायर्ड मास्तरीण सातासमुद्रापलीकडच्या राष्ट्राध्यक्षावर डाफरते, याने त्याच्या ताटातला घास काही अडत नाही, हे मलाही समजतं. त्याचं आणि त्याच्या देशाचं नाव मी इथे घेणार नाही. दिवेलागणीनंतर आमची आई सापाला साप म्हणत नसे, लांबडं म्हणायची. नाव घेतलं की तो घरात येतो म्हणे. हा माणूस तर नाव न घेताच आमच्या घरात शिरला होता.

मी इथल्या हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवत असे. शाळेत या विषयाची किंमत काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. गणिताचे सर आजारी पडले की पालक विचारायला यायचे. मी आजारी पडले की मुलं मैदानावर जायची. तरी मी तो जीव तोडून शिकवला. संसद कायदा करते, सरकार तो राबवतं, आणि दोघांपैकी कुणी मर्यादा सोडली तर न्यायालय त्याचा कान धरतं. कान धरतं म्हणताना मी पुढच्या बाकावरच्या एखाद्या पोट्ट्याचा कान खरोखर धरायची. माझ्या भावाची मुलगी उज्ज्वला त्याच वर्गात बसून हे शिकली. घरात मी तिची आत्या, वर्गात मॅडम. भाऊ आणि वहिनी दोघंही गेल्यावर तिला माहेर म्हणून जे काही उरलं ते माझ्या दोन खोल्या.

लग्न करून ती अकोल्याला गेली. प्रवीण, तिचा नवरा, खताच्या दुकानात कामाला. नीटनेटका, केसाला तेल, बोलणं गुळासारखं. संध्याकाळी घरी आला की हात उचलायचा. एक दिवस उज्ज्वला पोरीला कडेवर घेऊन निघून आली. तिने फारकतीचा अर्ज केला आणि त्याने मुलगी मागितली. नांदवायला बायको नको होती, पण मुलगी पाहिजे होती. का, तर लोक काय म्हणतील. सुजाता तेव्हा नुकती बोलायला लागली होती. मी सांगते त्या साली ती दुसरीत होती.

अमरावतीच्या एमआयडीसीत शर्ट शिवण्याचा एक कारखाना आहे. तिथे उज्ज्वला लागली आणि आमच्या घराचा वासच बदलला. ती संध्याकाळी घरात आली की कोऱ्या कापडाचा आणि इस्त्रीच्या वाफेचा वास तिच्याबरोबर यायचा. केसांत दोऱ्याचे कण. बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. सकाळी आमच्या चौकात कंपनीची पिवळी बस यायची, निळे अ‍ॅप्रन घातलेल्या बाया डबे सांभाळत चढायच्या आणि बस सुटायच्या आधीच आत गलका सुरू व्हायचा. उज्ज्वला कॉलर बसवायची. सगळा माल त्या राष्ट्राध्यक्षाच्याच देशात जायचा. एकदा शिलाई चुकलेला एक शर्ट तिने घरी आणला होता. अंगापुढे धरला तर तिचे पाय सोडून सगळी झाकली गेली.

"माय वं! किती मोठा माणूस असंन हा!" मी म्हणाले.

"असाच असते तिकडं. खातेपेते लोकं हायेत." ती म्हणाली, आणि मानेच्या जागी हात घालून आपली शिलाई तपासत बसली.

या नोकरीवरच अकोल्याच्या कोर्टातली तडजोड झाली. खटला लांबला होता, दोन्ही वकील कंटाळले होते. शेवटी कोर्टापुढे ठरलं की अंतिम निकाल लागेपर्यंत सुजाता आईजवळ राहील, पण आईची कायम पगाराची नोकरी चालू आहे तोवर. नोकरी सुटली तर मुलगी बापाकडे. ही अट प्रवीणच्या वकिलाने घातली. आमच्या वकीलबाईंनी उज्ज्वलाला बाजूला घेऊन नीट विचार कर म्हणून बजावलं. आणि ही पोरगी हसली. खरंच हसली, आणि वकीलबाईंना म्हणाली,

"माही नोकरी कुठी जाते, मॅडम? तिकडचे लोकं का उघडे फिरतीन?"

वकीलबाईही हसल्या, मीही हसले. सही झाली. बाहेर येऊन आम्ही गरम आलूबोंडे खाल्ले, सुजाताने हिरवी मिरची चावली आणि रडून गोंधळ घातला. इतका चांगला दिवस होता तो.

आता तिकडचं सांगते. त्या राष्ट्राध्यक्षाने एका सकाळी ठरवलं की बाहेरून येणाऱ्या मालावर जबर कर बसवायचा. आपल्या मालावर तर असा बसवला की आपला शर्ट तिथल्या दुकानात पोचेपर्यंत कुणी हात लावू नये. कर बसवणं हे तिथेही संसदेचंच काम. त्याने संसदेला विचारलं नाही. संकटकाळासाठी केलेला कुठलासा जुना कायदा शोधून काढला, संकट आहे असं जाहीर केलं, आणि झाला मोकळा. संकट कुठलं? तर इतर देशांनी त्यांना माल विकला, हे संकट. आम्ही शर्ट शिवले, हे संकट! आमची उज्ज्वला कॉलर बसवते, म्हणून तिकडे आणीबाणी!

आणि या सगळ्याला त्याने नाव दिलं, आर्थिक सुधारणा.

सुधारणा हा शब्द ऐकला की माझं टाळकं सरकतं. आयुष्यभर ऐकत आले. रस्ता सुधारणा म्हणून चौकातला कडुनिंब तोडला. बाजार सुधारणा म्हणून भाजीवाल्या बायांना नाल्याच्या काठावर बसवलं. ज्याची सुधारणा होते त्याला कधी कुणी विचारत नाही आणि जो करतो त्याच्या अंगाला झळ लागत नाही. पूर्वी निदान सुधारणा करणारा माणूस मुंबईत किंवा दिल्लीत सापडायचा. मोर्चा काढता यायचा, पुतळा जाळता यायचा. याचा पुतळा जाळायचा तर चांदूर रेल्वेत कुणाला पत्ता?

कारखान्यात आधी एक लाइन बंद झाली. लाइन म्हणजे मशिनींची एक रांग. मग दुसरी. दिवाळीच्या आधी ऑफिसातला पोरगा येऊन बायांना म्हणाला, सध्या घरी राहा, ऑर्डर आली की बोलावू. नोकरीवरून काढलं असं कुणी म्हटलं नाही. पगार मात्र थांबला, आणि चौकात पिवळी बस यायची थांबली. बस यायच्या वेळेला उज्ज्वला घरातल्या घरात उगाच येरझाऱ्या घालायची, भांडी परत परत लावायची.

नंदा ही तिची मैत्रीण, कारखान्यात शेजारच्या मशीनवर बटणं लावायची. कुणबी घरातली, गावाबाहेर त्यांचं काळ्या मातीचं वावर आहे. तिने बसमधल्या बायांना सांगून टाकलं, "बसून काय करता वं? माह्या वावरात या. कापूस फुटून राह्यला." पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात. वावरात कपाशीच्या झाडापाशी खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग वेचायला सुरुवात. मीही गेले होते. नंदाच्या सासूने मांडणी केली. उज्ज्वला आणि आणखी दोघीतिघी आमच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या. त्या पूजेपाशी नुसत्या उभ्या राहिल्या, नंतर दहीभात मात्र सगळ्यांनी मिळून खाल्ला. कारखान्यातल्या बाया वेचायला लागल्या तर हात भराभर चालेनात. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटं ओरबाडली. कापडावर फिरून फिरून त्यांची बोटं मऊ झाली होती. नंदाची सासू हसून हसून बेजार.

"इच्छीन! शर्ट शिवता अन् कापसाले भेता?"

तासात वाकून वेचता वेचताच कोर्टाची गोष्ट निघाली. तिकडच्या काही व्यापाऱ्यांनी राष्ट्राध्यक्षाविरुद्ध दावा लावला होता आणि तो त्यांच्या सुप्रीम कोर्टात पोचला होता. मी पेपरात वाचलं होतं, ते सांगितलं.

नंदा म्हणाली, "कोर्टात गेलं? मंग तं माहे नातू पाहतीन निकाल."

"नाही गं, लवकर लागेल म्हणतात."

उज्ज्वला सरळ उभी राहिली. ओटी कापसाने फुगलेली, गरोदर बाईसारखी दिसत होती. "आत्या, त्यानं चूक केली असं कोर्टानं म्हटलं, तं त्याले ऐका लागते का?"

"लागतं. सगळ्यांत वरचं कोर्ट आहे ते."

"राष्ट्राध्यक्षालेबी?"

"त्यालाही."

तिने मान डोलावली आणि पुन्हा वाकली. त्या दिवसापासून ती रोज मोबाइलवर तिकडच्या बातम्या पाहायला लागली. बाया तिच्याभोवती जमायच्या. बटणं लावणाऱ्या, काज करणाऱ्या, पॅकिंगवाल्या. कुठल्या न्यायाधीशाने सुनावणीत काय विचारलं, कोण राष्ट्राध्यक्षाच्या बाजूचा वाटतो, कोण नाही, याच्यावर आमच्या चौकातल्या हँडपंपापाशी चर्चा व्हायला लागली. एका म्हाताऱ्या न्यायाधीशीणबाईंवर नंदाचा भारी विश्वास बसला होता. "तिच्या चेहऱ्यावरूनच दिसते, आयकणारी बाई नाई ते," ती म्हणायची.

त्याच थंडीत संविधान दिन आला. आमच्या विहारात दरवर्षी मुलं उद्देशिका वाचतात. लग्न असो, बारसं असो, आमच्याकडे उद्देशिका वाचल्याशिवाय कार्याला सुरुवात वाटत नाही. त्या दिवशी सुजाताला उभं केलं होतं. पांढऱ्या फ्रॉकवर स्वेटर, दोन वेण्या, आणि आवाज एवढा की मागच्या भिंतीवर बसलेल्या चिमण्या उडाल्या. "न्याय" हा शब्द तिने असा ठासून म्हटला की सगळे हसले. उज्ज्वला खाली सतरंजीवर बसली होती आणि तिचे ओठ पोरीबरोबर हलत होते. आमच्या लोकांचा कायद्यावर जो विश्वास आहे ना, तो दुसऱ्यांना कळायचा नाही. दुसऱ्यांना जमीन मिळाली, देवळं मिळाली, नावं मिळाली. आम्हाला जे मिळालं ते लिहून मिळालं. म्हणून लिहिलेलं आम्ही खरं मानतो.

प्रवीणच्या वकिलाला कारखाना बंद पडल्याचं समजायला वेळ लागला नाही. अर्ज आलाच. आम्ही तिघी सकाळच्या गाडीने अकोल्याला गेलो. बडनेऱ्याला डब्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा वास घेऊन एक बाई चढली. सुजाताने शेंगा सोलून दाणे आईच्या तळहातावर ठेवले, मग एकेक उचलून स्वतःच खाल्ले. मूर्तिजापूर गेलं, तिने खिडकीला नाक लावलं आणि विचारलं, "आत्याआजी, तो राष्ट्राध्यक्ष शर्ट नाई घालत का?"

"घालतो ना. कोटही घालतो."

"मंग त्याले नाई लागत का शर्ट?"

समोरचा म्हातारा मिशीत हसला. मला हसू आलं नाही.

कोर्टातल्या जज्जबाईंनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या. त्यांना नावं ठेवणार नाही मी. अट आमच्याच सहीची होती. आमच्या वकीलबाईंनी सांगितलं की कारखाना कायमचा बंद नाही, परदेशातल्या कोर्टाचा निकाल लागला की सुरू होणार आहे. प्रवीणच्या वकिलाने हात पसरून कोर्टाकडे पाहिलं, जणू आम्ही चंद्रावरचा साक्षीदार आणणार होतो. तरी जज्जबाईंनी होळीपर्यंत मुदत दिली. तोवर नोकरी सुरू झाल्याचं दाखवा, नाही तर ठरल्याप्रमाणे होईल. प्रवीण जाताना सुजाताच्या गालाला हात लावायला वाकला. ती माझ्या पदरामागे गेली. त्याच्या चेहऱ्यावर दुःख दिसलं असेल, मी पाहिलं नाही, मला पाहायचंही नव्हतं.

मग सगळी थंडी वाट पाहण्यात गेली. उज्ज्वला नुसती बसून राहिली असं नाही हं. अमरावतीत साड्यांच्या दुकानांत फिरली, परतवाड्याला एका टेलरिंगच्या दुकानात जाऊन आली. काम द्यायला सगळे तयार. पगार रोख देऊ म्हणायचे, पण कागदावर काही लिहून देणार नाही. कायम कामाला बाई तर कोणालाच नको होती. गल्लीतले ब्लाउज शिवून ती घर चालवत होती, पण कोर्टापुढे ब्लाउज चालत नाहीत. संक्रांत गेली. हरभरा घाट्यावर आला, पोरं वावरात ओल्या हरभऱ्याचा हुळा भाजून तोंडं काळी करून यायला लागली. सुजाताही यायची. तिचे काळे ओठ पुसताना उज्ज्वला एवढा वेळ लावायची की पोरगी वैतागायची.

आणि निकाल लागला. एका सकाळी मी तोंड धूत होते तर उज्ज्वला अंगणातून ओरडत आली. "आत्या! जिंकलो! आत्या, आपण जिंकलो!" आपण, म्हणाली ती. तिकडच्या सुप्रीम कोर्टाने लखलखीत शब्दांत सांगितलं होतं की संसदेला डावलून असा कर बसवायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नाही. नंदाची ती न्यायाधीशीणबाईही आपल्याच बाजूने होती. मी तिला जवळ घेतलं. खरं सांगते, मलाही गर्वाने भरून आलं. एवढी वर्षं फळ्यावर जे लिहिलं ते जगात एका ठिकाणी तरी घडलं होतं.

मी देवळाकडच्या दुकानातून पेढे घेऊन येईपर्यंत ही आवरून निघालीही होती. निळा अ‍ॅप्रन इस्त्री केलेला, डबा हातात.

"कुठे निघालीस?"

"बसवर."

"अगं, आज लगेच कशी येईल बस?"

"कोर्टाचा हुकूम झाला नं? मंग येईनच."

मी तिच्या मागे चौकात गेले. ती एकटी नव्हती. नंदा होती, काजवाल्या होत्या, पॅकिंगवाल्या होत्या. कुणी कुणाला फोन केला नव्हता. जिने तिने आपापल्या घरी निकाल ऐकला, डबा भरला, अ‍ॅप्रन चढवला आणि बसच्या जागेवर येऊन उभी राहिली. कोर्टाने सांगितलं म्हणजे झालं, एवढं साधं गणित. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या शहाण्याला हे सांगितलं तर तो पोट धरून हसेल. मी तुम्हाला सांगते, हसलात तर माझ्या दारात पाऊल टाकू नका. मी पेढे वाटले. ऊन वर आलं. चहावाल्याने आपणहून सगळ्यांना अर्धा अर्धा कप दिला. बस आली नाही.

नंदाच्या मोबाइलवर आली ती दुसरी बातमी. निकालाची शाई वाळायच्या आधीच राष्ट्राध्यक्षाने न्यायाधीशांना देशाचे वैरी म्हणून शिव्या घातल्या होत्या, आणि दुसऱ्या कुठल्यातरी कायद्याचं कलम काढून कर नव्याने बसवला होता. कायदा वेगळा, कर तोच. नंदाने ती बातमी मोठ्याने वाचली.

"म्हंजे?" उज्ज्वलाने मला विचारलं. "आत्या, म्हंजे काय? कोर्टानं नाई म्हटलं नं?"

"म्हटलं."

"मंग त्यानं केलं कसं?"

चौकात, उन्हात, पेढ्यांचा रिकामा खोका हातात धरून मी उभी होते आणि निळ्या अ‍ॅप्रनमधल्या सगळ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. मॅडमला माहीत असणार. मॅडमनेच शिकवलं. मी त्यांना कलमं, पळवाटा, मुदती समजावून सांगू शकले असते. पुस्तकी उत्तर माझ्याजवळ तयार होतं. पण तोंडातून ते निघेना, निघाली ती शिवी. मास्तरणीच्या तोंडून चौकात अशी शिवी निघाली की चहावाल्याने किटली खाली ठेवली. नंदा मात्र म्हणाली, "बरं झालं, मॅडम. माह्याबी मनात तेच होतं."

कारखान्यात फोन केला तर ऑफिसातला पोरगा म्हणाला, सगळं अधांतरी आहे, मालक थांबा म्हणतात. थांबा! थांबायला मालकाचं काय जातं? कर बसवणाऱ्याचं काय जातं? तो कोर्टात हरतो आणि दुपारच्या जेवणाआधी जिंकतोही. त्या कोर्टातले शहाणे लोक शेकडो पानांचा निकाल लिहितात, तो चार ओळींचं फर्मान काढतो, आणि इकडे पळसाला फुलं येतात. त्या साली पळस मला नुसता डोळ्यांत खुपत होता. रस्त्याने जाताना वाटायचं, जरा उशिरा फूल रे बाबा, एक वर्ष होळी राहू दे.

होळी कुणासाठी थांबत नाही. पोरांनी गोवऱ्या चोरल्या, माझ्या अंगणातली मोडकी खाट नेऊन जाळली, सुजाता रंगात इतकी माखली की दोनदा आंघोळ घालावी लागली. कानामागचा हिरवा रंग तरीही गेला नाही. आणि अकोल्याची तारीख येऊन ठेपली. हुकूम होता, मुलीला कपडे-पुस्तकांसह हजर करावं.

आदल्या दुपारी उज्ज्वला फ्रॉकच्या घड्या घालत होती. माझ्याने पाहवेना. मी तिला म्हणाले, "नको जाऊ. परतवाड्याला माझी मैत्रीण आहे, तिला मी बोलले आहे. पोरीला घे आणि निघ. तिथून पुढे मेळघाट आहे, कोण येतं शोधायला? कोर्ट काय करणार? तिकडे एवढा मोठा माणूस एवढ्या मोठ्या कोर्टाला जुमानत नाही, उलट त्यालाच शिव्या देतो, आणि राज्य करतो. त्याचं कुणी काय वाकडं केलं? आपणच का मुकाट्याने ऐकायचं?"

तिने घडी मोडली, पुन्हा घातली.

"आत्या, त्यानं नाई मानलं म्हणून तं आपली बस नाई आली," ती म्हणाली. "आता मीबी नाई मानलं, अन् उद्या निकाल माह्या बाजूनं लागला, तवा प्रवीण काहून मानंन? कशाच्या भरवशावर माहे पोरगी परत मागू मी?"

"अगं पण..."

"तू नको बोलू आत्या. तू बोलली तं मी खरंच पळून जाईन."

सकाळच्या पहिल्या गाडीने गेलो. कोर्टाच्या आवारात झाडलोट चालली होती. शिपाई म्हणाला, एवढ्या लवकर कशाला, अकराशिवाय कोणी येत नाही. उज्ज्वला म्हणाली, तारीख आजची हाय नं. आम्ही बाकावर बसलो. तिने सुजाताच्या वेण्या सोडून पुन्हा घातल्या, दप्तरातली पुस्तकं पुन्हा लावली, कानामागचा हिरवा रंग थुंकी लावून पदराने घासला. सुजाताला सांगितलेलं होतं की थोडे दिवस बाबांकडे राहायचं. ती एकदाच म्हणाली, "थोडे म्हंजे किती?" उज्ज्वलाने तिच्या दप्तराचा पट्टा नीट केला. अकरा वाजले. वकील आले, पुकारे सुरू झाले. प्रवीण अकोल्यातच राहतो, सायकलवर येता येईल एवढ्या अंतरावर. तो आला जेवणाची सुट्टी संपल्यावर. सोबत त्याची आई होती. ट्रॅफिक लागला, म्हणाला.

आत सगळं पटकन उरकलं. मुलगी हजर, ताबा दिला, दोघांच्या सह्या. सुजाता आजीचा हात धरून जिन्याने खाली गेली. वळणावर तिने मान वळवून पाहिलं, आणि आजीने ओढलं तशी ती गेली. उज्ज्वला रडेल म्हणून मी तिचा दंड धरला होता. तिने माझा हात सोडवला आणि कारकुनाच्या टेबलापाशी परत गेली.

"साहेब, मी येळेवर आणली म्हणून लिहा तिथं. अकराच्या आधी आणली."

कारकुनाने कागदावरून बोट फिरवलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याने खरंच वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ते लिहायला इथे जागा नाही, बाई," तो म्हणाला.